आठ विसा आणि तीन गवाह

गुंडीला चार भोकं, त्यांतलं एक बुजलेलं, म्हणून दोरा तीनच भोकांतून फिरवावा लागत होता आणि प्रत्येक वेळी सुई तिसऱ्या भोकाशी येऊन अडत होती — बयनाबाईने दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं, पुन्हा ओवलं आणि पुन्हा त्याच्या छातीशी वाकली. सदरा त्याने आधीच अंगात घातलेला. अंगावरचं कापड शिवताना दातांत काडी धरावी म्हणतात म्हणून चंपतरावाने झाडूची एक काडी दातांत धरली होती आणि तो उभा होता. तो जसा उभा राहतो तसा गावात दुसरा कोणी उभा राहत नाही. खांदे मागे, हात मांड्यांशी, नजर समोरच्या कुडावर, पण कुड दिसत असेल असं वाटू नये अशी. एखादी माशी नाकावर बसली तरी हलणार नाही. दहा वर्षं झाली तिला हे बघून, आणि आजही तिला त्याचा रागच आला. माणसाने घरात तरी माणसासारखं उभं राहावं.

राग गुंडीवर काढता येत नव्हता. तिने गाठ मारली, दोरा दाताने तोडला. तोडताना कपाळ त्याच्या छातीला लागलं आणि आतली धडधड ऐकू आली, अगदी सावकाश, जणू आत कोणी अंतर ठेवून पावलं टाकत चाललं आहे. ती मागे झाली.

"झालं," ती म्हणाली.

त्याने काडी काढली आणि बैल जुंपायला गेला.

चार दिवसांपूर्वी जेवताना तो म्हणाला होता, "इचोड्याले जा लागते. तगम्याचा अर्ज लिवाचा हाये." भाकरीचा तुकडा तिच्या हातातच राहिला. लढाईतून येऊन दहा वर्षं झाली, त्या दहा वर्षांत त्याने तगमा, म्हणजे फौजेचं पदक, हा शब्द उच्चारला नव्हता. तगमाच काय, लढाई हाही नाही. आला तेव्हा अंगावर फक्त कातडं होतं. त्याची आई, ती तेव्हा जिवंत होती, त्याला हात लावून लावून बघत होती, आणि बयनाबाई दाराआड उभी राहून विचार करत होती की हा तोच का… सरकारचा कागद आला होता 'बेपत्ता' म्हणून, आणि बेपत्ता माणसाच्या बायकोने कुंकू किती मोठं लावायचं हे कोणालाच ठाऊक नव्हतं. ती मोहरीएवढं लावायची. चार वर्षं मोहरीएवढं. मग तो आला आणि काहीच बोलला नाही, आणि तिनेही काही विचारलं नाही. आधी भीतीने, मग सवयीने, आणि पोलीस ॲक्शनच्या वर्षानंतर रागाने.

"आताच काऊन?" तिने विचारलं होतं.

"हैदराबाद राज्य मोडून राह्यलं ना. येक तारखेले. पटवारी सांगत होता. आपून आंध्रात, नांदेड-परभणी मुंबईकडं, रायचूर-गुलबर्गा म्हैसुरात." मग ताटाकडे बघत तो म्हणाला, "नावं फुटून जातीन."

हे शेवटचं तिला कळलं नव्हतं. कळून घ्यायचंही नव्हतं, कारण तिच्या मनात तेव्हा एकच गोष्ट होती. नागोराव येणार होता.

नागोराव, तिचा भाऊ, आठ वर्षांत उंबऱ्यावर आला नव्हता. सोनाबाई, तिच्या माहेरच्या गावची लेक, याच गावात दिलेली, आठवड्यापूर्वी निरोप घेऊन आली: यंदा भाऊबिजेला येतो म्हणाला. बयनाबाईने तेव्हापासून घर दोनदा सारवलं. आठ वर्षांपूर्वी, पैनगंगेच्या अलीकडे, भर उन्हाळ्यात, रझाकार तिच्या माहेरी आले, बापाचं पेव उपसलं, आणि 'दाणे कुठे लपवलेस' म्हणत नागोरावला कडूनिंबाला बांधून त्याच्या उजव्या हाताची बोटं मोडली. एकेक करून. ती तेव्हा सासरी होती. तिला आठ दिवसांनी कळलं. आणि त्याच वेळी तिचा नवरा, पलटणीत पुन्हा रुजू झालेला, कुठेतरी बराकीत त्याच राजाची, निजामाची, वर्दी घालून उभा होता, खांदे मागे, हात मांड्यांशी. त्याने काही केलं नाही, हे तिला माहीत होतं. पण नागोराव नदी ओलांडून वऱ्हाडात गेला आणि तिकडून त्याने कळवलं, ज्या घरात निजामाची खाकी वाळत घातली जाते त्या घरात मी पाणी पिणार नाही. पुढे भादव्यात हिंदुस्थानी फौज आली, चार दिवसांत सगळं संपलं, चंपतराव बंदूक जमा करून साध्या कपड्यात घरी आला. खाकी गेली. भाऊ आला नाही.

आणि आता, आठ वर्षांनी तो यायला निघाला, तर याला निजामाच्या फौजेचे तगमे पाहिजेत! इचोड्याच्या बाजारात बसून अर्ज लिहायचा म्हणजे बोंब मारण्यासारखंच. दिवाळीच्या आत बातमी नदीपार जाईल.

म्हणून ती निघाली. पणत्या घ्यायच्या, पोरीला झग्याचं कापड घ्यायचं, असं तिने सांगितलं आणि पोरीला शेजारच्या राहीबाईकडे सोडलं. पण मनात ठरलेलं होतं — अर्ज लिहिणाऱ्या अमृतरावांनी दौत उघडली की आपण मध्ये बोलायचं. चार माणसांत बोलायचं. घरात हा ऐकल्यासारखं करतो आणि ऐकत नाही. परक्यासमोर बाईने तोंड उघडलं तर त्याला उठावंच लागेल.

तीन कोस बंडीचा रस्ता. दोन्ही बाजूंना कापूस फुटत होता, बोंडं उमलून पांढरी झालेली, आणि पलीकडे सागाचं रान उन्हात उभं. ती मागे पोत्यावर बसून मनातल्या मनात वाक्य घडवत होती. 'अमृतराव, याहीचं काई आयकू नका.' नाही, असं नको. 'आमाले कोनतेच तगमे नाई पाह्यजे.' हे बरं. आमाले म्हणायचं. ती ते पुन्हा पुन्हा घोळत राहिली, चाकाच्या कुरकुरीत ते वाक्य बसत गेलं.

इचोड्याला मोठ्या रस्त्यावर हैदराबादकडून नागपूरकडे जाणारे ट्रक उभे होते, बाजार भरत होता. अर्ज लिहिणारे अमृतराव एका कापडदुकानाच्या ओसरीवर उतरतं मेज मांडीपुढे घेऊन बसत. पूर्वी तहसिलीत कारकून. पिकलेल्या मिशा, चष्म्याची एक दांडी दोऱ्याने बांधलेली. चंपतरावाला त्यांनी ओळखलं नाही, पण हातानेच बसायला सांगितलं.

"उर्दूत लिहितो," काम ऐकून ते म्हणाले. "हैदराबादेत जुनी माणसं अजून उर्दूच वाचतात. एक तारखेनंतर तेलुगू. ते मला येत नाही. म्हणजे माझंही दुकान तोवरच." ते हसले. "बोला. नाव?"

"चंपत वल्द बापूजी."

चंपतराव बसला नाही. मेजापुढे उभा राहिला. ती ओसरीच्या कडेला खांबाशी टेकली. आता बोलावं… पण दौत अजून उघडायची होती. मग उघडली. मग टाक बुडाला आणि कागदावर उजवीकडून डावीकडे, उलट्या पावलांनी, अक्षरं चालू लागली, आणि तिला वाटलं, थोडं लिहून होऊ दे, मग.

मौजा, तालुका, पलटण, नंबर. नंबर त्याने असा खणखणीत सांगितला की दुकानातलं गिऱ्हाईक वळून बघू लागलं.

"आता कारगुजारी," अमृतराव म्हणाले. "म्हणजे लढाईत काय केलं ते. मोर्चा, गोळी, जखम… काय ते सांगा."

"मोर्चा दोन महिने. मलायात. मंग सिंगापूर पडलं, मंग कैद. मंग जहाजात घालून येका बेटावर नेलं. तिथं दोन वरसं."

"बेटाचं नाव?"

"आमाले कोनी सांगतलं नाई."

"बरं. तिथं काय केलं?"

त्याने टाचा जुळवल्या.

"माती देली," तो म्हणाला.

तिला आधी शेतच दिसलं. बांध, टोपली, माती ओढणारी माणसं. जपान्यांनी याच्याकडून शेतकाम करून घेतलं असेल, असं तिला वाटलं. मग अमृतरावांचा टाक अधांतरी थांबलेला तिने पाहिला, आणि तेव्हा कळलं. कळलं म्हणजे फक्त शब्द कळला.

"किती जणांना?"

"आठ विसा आन तीन."

आठ विसा. एका विशीत वीस. ती मोजू लागली, तिला मोजल्याशिवाय काही दिसत नसे. आपलं गाव चाळीस घरांचं. घरटी दोन बाप्ये धरले तर चार विसा. म्हणजे आपल्या गावातले सगळे, पटवारी धरून, पाटील धरून, ओट्यावर बसणारे म्हातारे धरून — आणि मग शेजारच्या गावातलेही सगळे. दोन गावांत एक पुरुष उरला नाही, आणि सगळ्यांना याच दोन हातांनी… तिने त्याच्या हातांकडे पाहिलं. ते मांड्यांशी होते. काल याच हातांनी त्याने गाईचं शेण काढलं, आणि नीट काढलं नाही म्हणून ती त्याला बोलली होती.

"चंपतराव, तुमच्या शब्दांत सांगा," अमृतराव म्हणाले. आवाज बदलला होता. "मी नंतर मांडतो."

आणि तो सांगू लागला. तिच्याकडे नाही, अमृतरावांकडेही नाही. समोरच्या रस्त्याकडे बघत, एका चालीत, कुठे जोर नाही, कुठे थांबणं नाही.

"जपानी सकाळी आमाले मोजे. आकड्यानं. वरीसभरात आमी आकडेच झालो, येकमेकाले पन आकड्यानं हाका मारू लागलो. तवा आमचे हवालदार, मौलाबक्षसाहेब, थे म्हणले, सकाळची हजेरी त्याहीची, संध्याकाळची आपली. नावानं, बापाच्या नावानं, गावानं. एकशे चौऱ्याहत्तर जन होतो. जो मेला त्याचं नाव गाळाचं नाई. त्याच्या बाजूच्यानं त्याच्यासाठी हाजिर म्हणाचं. हवालदारसाहेब गेले, मंग हजेरी मायाकडं आली. शेवटाले आमी अकरा उरलो. अकरा जन एकशे चौऱ्याहत्तराची हाजिरी देत होतो."

पहाटे तो अंगणात तोंड धुताना काहीतरी पुटपुटतो. ती समजत होती देवाचं नाव असेल. एकदा कान देऊन ऐकलं तर 'उदगीर' असा काहीसा शब्द आला, आणि तिला वाटलं, असेल कुठला देव.

"शेख चांद माया जोडीले होता. खड्डा आमी दोघं खंदो. मुसलमान मानसाले काबेकडं तोंड करून ठेवा लागते. काबा कोनीकडं, हे त्या बेटावर कोन सांगन? चांदनं सूर्य बुडते तिकडं हात केला. मी म्हणलं, आमचं घर पन तिकडंच हाये. सरण पेटवू देत नव्हते, धूर दिसला का वरून इमानं येत. मंग आमी ठरवलं. हिंदू काय आन मुसलमान काय, सगळ्याईले येकाच बाजूनं ठेवाचं. चांद त्याच्या मानसाची नमाज म्हणे. मी माया मानसाच्या कानात त्याचं नाव सांगो, त्याच्या गावाचं नाव सांगो. म्हंजे इसरू नाई." तो क्षणभर अडला. पहिल्यांदाच. "चांद गेला तवा नमाज म्हणनारं कोनी नव्हतं, जे होते थे तापानं पडले होते. मी म्हणलो. आयकून आयकून पाठ झाली होती. अर्थ समजत नव्हता. काई चुकलं असन त चुकलं."

दुकानदाराच्या हातातला गज कापडावर तसाच राहिला होता. ट्रकवाल्यांपैकी कोणीतरी विडी पेटवता पेटवता जवळ आलेला, विडी न पेटवताच उभा होता. बयनाबाईला खांब हाताला लागत होता आणि लागत नव्हता. समुद्र तिने कधी पाहिला नव्हता, ती पैनगंगेचा पूर आठवून त्याला दुसरा काठ नाही असं करून बघत होती, आणि त्या पाण्याच्या पलीकडे एक जागा, आणि त्या जागेवर मातीचे ढीग, सगळे एका अंगाला वळलेले, जणू झोपेत सगळ्यांनी एकाच हाकेला कूस बदलली… आणि ती हाक आपल्या बाजूची. मी इथे अंगणात मोहरीएवढं कुंकू लावून बसले होते, आणि तिथे दोन गावांची माणसं माझ्या दिशेला तोंड करून निजवली जात होती. तिच्या अंगावर काटा आला. देवळात गाभाऱ्यात पहिल्यांदा नेलं होतं तेव्हा असं झालं होतं. बाप म्हणाला होता, घाबरू नको, नुसतं बघ.

अमृतरावांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला.

"तुमच्या तगम्यांची दरखास्त मी लिहितो," ते हळू म्हणाले. "पण गवाह पाहिजेत. तुम्ही तिथे होता, हे पाहिलेली दोन माणसं. नावं सांगा."

"मौलाबक्ष वल्द इमामसाब, साकीन उदगीर. इरन्ना वल्द मल्लप्पा, साकीन मानवी, जिल्हा रायचूर. शेख चांद वल्द शेख दावूद, साकीन निर्मल. गणपत वल्द सटवाजी, साकीन कळमनुरी…"

टाक धावत होता. सातव्या-आठव्या नावाला अमृतरावांनी मान वर केली. "दोन पुरेत."

"लिवा," चंपतराव म्हणाला.

"हयात आहेत ना हे?"

"नाई."

"मग गवाह कसे होतील, चंपतराव? मेलेल्या माणसांचे तगमे त्यांच्या वारसांनी मागायचे असतात. वेगळे अर्ज. तुमच्या अर्जात…"

"त्याहीच्या वारसाले कोन सांगन?" त्याने पहिल्यांदाच अमृतरावांकडे सरळ पाहिलं. "हा उदगीरचा, मुंबईत गेला. हा मानवीचा, म्हैसुरात. चांद निर्मलचा, आमच्याकडं राह्यला. कागद तीन जागी जाईन, कंपनी तीन जागी जाईन. आज राज्य येक हाये. आजून नऊ दिवस हाये. येका कागदावर यायले पाह्यजे सगळे. मले तगमा नाई भेटला तरी चालते. गवाह मनून लिवा, आनखी कायच्याही नावाखाली लिवा. पन येका कागदावर लिवा."

नावं फुटून जातीन. चार दिवस ते वाक्य तिच्या घरात पडून होतं आणि ती त्याला ओलांडून ये-जा करत होती.

अमृतरावांनी लिहिलेली नावं पुन्हा एकदा नजरेखालून घातली. मग त्यांनी मेजाचं झाकण उचलून कोऱ्या कागदांचा अख्खा दस्ता बाहेर काढला, टाकाला नवं टोक लावलं, आणि म्हणाले, "सावकाश सांगा. उर्दूत एक नुक्ता चुकला तर माणूस बदलतो."

किती वेळ गेला ते तिला कळलं नाही. ऊन ओसरीवरून उतरलं. नावं येत होती, वसमतची, कोप्पळची, मेदकची, आपल्या उटनूरचा एक गोंड होता, नाव भीमू; आणि चंपतराव एकदाही अडखळला नाही. घरात गाईच्या कालवडीला कोणत्या नावाने हाक मारायची ते हा विसरतो. तिला वाटायचं, लढाईने याचं डोकं रिकामं केलं. रिकामं! इतकी माणसं आत घेऊन हा माझ्या पंगतीला बसत होता, आणि मी म्हणायची, बोलत काऊन नाई. कुठून बोलणार? तोंड उघडलं असतं तर आधी कोण बाहेर आला असता?

शेवटचं नाव झालं तेव्हा अमृतरावांनी बोटं झटकली. "आता वाचतो. चूक असेल तर सांगा," ते म्हणाले, आणि पहिला कागद डोळ्यांजवळ धरला. "मौलाबक्ष वल्द इमामसाब, साकीन उदगीर."

"हाजिर," चंपतराव म्हणाला.

अमृतरावांनी वर पाहिलं. तो समोर बघत होता. त्याला आपण बोललो हे कळलंही नसावं. त्यांनी पुढचं नाव घेतलं.

"हाजिर."

पुढचं. "हाजिर." आवाज मोठा नव्हता. पण बाजारातल्या आवाजांपासून तो वेगळा होता, आणि एकेक करून ते दुसरे आवाज थांबत गेले. दुकानदार गादीवरून उठून उभा राहिला. ट्रकवाला, बहुधा पंजाबी, त्याला यातला एक शब्दही कळत नसेल, त्याने हातातली विडी फेकून दिली आणि पागोटं सारखं केलं. भाजीवाल्या बाया टोपल्यांवर हात ठेवून बघत होत्या. नाव, बाप, गाव… हाजिर. नाव, बाप, गाव… हाजिर. बयनाबाईला वाटू लागलं की ओसरीसमोरची मोकळी जागा आता मोकळी नाही, तिथून एखादी गाय गेली तर ती बाजूने जाईल. आणि हे सगळे आपल्याकडेच बघत आहेत, कारण आपण त्या दिशेला उभ्या आहोत.

बोलायचं होतं ते वाक्य कुठे गेलं? तिने शोधलं. 'आमाले कोनतेच…' ते होतं, पण इतकं लहान की तोंडात धरता येईना.

आणि तरी नागोरावची बोटं होतीच. ती कुठे गेली नव्हती. सुजलेली, काळी, वाकडी राहिलेली. या आठ विसांमध्ये बसवायला तिच्याकडे जागा नव्हती आणि त्यांना बाहेर ठेवायलाही नाही. ही माणसं त्या राजाची. ती बोटं मोडणारी माणसंही त्या राजाची. तिला वाटलं, एवढं मोठं काही एकाच माणसाच्या आत कसं मावत असेल, आणि आता ते आपल्या आतही शिरत आहे, आणि आपण तर इतक्या लहान…

शेवटच्या नावाला हाजिर म्हणून झालं. मग अमृतरावांनी कागद जुळवले, आणि खाली बघतच म्हणाले, "एक तरी हयात गवाह लागतो, चंपतराव. निदान हे सांगणारा की हाच माणूस गेला आणि हाच परत आला. नाहीतर पहिल्याच मेजावरून अर्ज परत येईल."

उरलेल्या अकरांपैकी दहा कुठे आहेत हे चंपतरावाला माहीत नव्हतं. तो तसाच उभा राहिला, पण तिला दिसलं, दहा वर्षांत पहिल्यांदा दिसलं, की त्याचे खांदे जरासे पुढे आले.

"मी हावो," ती म्हणाली.

आवाज आपलाच होता हे तिला मागून कळलं.

"तुम्ही कोण, बाई?"

"याहीची घरवाली. गेले तवा मी होतो. आले तवाबी मीच होतो."

"घरवालीची गवाही तसं पाहिलं तर…" अमृतराव थांबले. त्यांनी टाक बुडवला. "सांगा. माणसाचं नाव तुमच्या तोंडून आलं पाहिजे."

नवऱ्याचं नाव तिने कधी घेतलं नव्हतं. लग्नात घेतलं होतं तेवढंच, उखाण्यात, हसत-लाजत, चौदाव्या वर्षी. ते नाव म्हणजे खेळ होता. तिने पदर सारखा केला.

"चंपत वल्द बापूजी," ती म्हणाली. आणि गावाचं नाव घेतलं.

मग ती थांबली. ती, अमृतराव, दुकानदार, तो ट्रकवाला, सगळेच थांबले असावेत. पण तो हाजिर म्हणाला नाही. त्याने तिच्याकडे पाहिलं, ओठ हलले, आणि शब्द आला नाही. तो तसाच बघत राहिला, लांबून कोणीतरी हाक मारल्यावर माणूस हातातलं काम थांबवून बघतो तसा, हाक आपल्यालाच होती का याची खात्री नसलेला. अमृतरावांनी शाईचा डबा पुढे केला. तिने अंगठा उठवला.

परतताना ऊन मागून येत होतं. बंडीची सावली बैलांच्या पुढे पडली होती. अर्ज उद्या टपालात पडेल, अमृतराव म्हणाले होते. पुढे कोण उघडेल, उघडेल की नाही, हे त्यांनाही सांगता येणार नव्हतं. पणत्या घ्यायच्या राहिल्या होत्या. कापडही. हे तिला अर्धा रस्ता संपल्यावर आठवलं आणि आठवूनही काही वाटलं नाही.

नागोरावला काय सांगायचं? कळणारच त्याला. चार दिवसांत नदीपार कळेल, की बहिणीने निजामाच्या फौजेच्या कागदावर अंगठा दिला. तो येईल… येणार नाही. आला तर ती त्याला हे सांगू शकेल का? कुठून सुरू करणार? त्याचा मोडका हात हातात घेऊन त्याला बेट सांगायचं? नाही सांगता येणार, तिला वाटलं, आणि न सांगताही राहता येणार नाही. दोन्ही एकाच वेळी तिच्यात होतं, आणि नवल म्हणजे ते भांडत नव्हतं. नुसतं होतं.

तिच्या पायाचा अंगठा त्याच्या पाठीला लागत होता. बंडीत बसलं की नेहमीच लागतो. धुऱ्याशी तो, मागे ती, जागाच तेवढी. आज तिने पाय ओढून घेतला. पदराखाली घेतला. आता कसं व्हायचं? उद्या सकाळी या माणसाला भाकर कशी वाढायची? शेण नीट काढलं नाही म्हणून याला बोलायचं कसं? त्याचा मोठेपणा घरात आणून कोणत्या खुंटीला टांगायचा? तिने कधी त्याला हात लावताना विचार केला नव्हता, सकाळी गुंडी लावताना कपाळ टेकलं होतं तेही सहज. आणि आता तो दोन हातांच्या अंतरावर बसला होता, पाठमोरा, सदऱ्यावर घामाचा डाग, मानेवर सुरकुत्या, आणि तिला त्याच्यापर्यंत पोचायला इतकी माणसं ओलांडावी लागत होती. तिला भीती वाटली. देवाची वाटते तशीच, आणि तरी देव नको होता. तिला तो पाहिजे होता, कालवडीचं नाव विसरणारा.

उतारावर डावा बैल कापसाकडे ओढू लागला. चंपतरावाच्या हातात कासरा सैल होता.

"अवो," ती जोरात म्हणाली, "बैल भायेर जाऊन राह्यला ना! ध्यान कुठी हाये तुमचं?"

रोजचंच वाक्य. रोजच्याच चढ्या सुरात तिने ते सोडलं होतं; पण बाहेर आलं ते दुसरंच काही. शब्द तेच, आणि त्यांच्या खाली जसं कोणी दाराशी येऊन, आत येऊ का असं विचारत होतं. तिचं तिलाच ते ऐकू आलं आणि ती दचकली.

त्याने कासरा ओढला. बैल रस्त्यावर आला. मग तो वळून बघू लागला, आणि तीही त्याच्याकडे बघत राहिली. पाय अजून पदराखालीच होता, तो पुन्हा पुढे करावा की नाही हे तिला ठरवता येईना, आणि बंडी आपली चालली होती.